पॅरिस ते इस्तंबूल: आखणी उलट्या टोकाकडून

प्रश्न: पॅरिसहून इस्तंबूलला रेल्वेने जायचे आहे. आधी युरेल पास घ्यावा का?

उत्तर: पास शेवटी घ्या. थेट गाडी नाही, म्हणून आखणी सोफिया–इस्तंबूल रात्रगाडीपासून सुरू करा. ती चुकली तर दुसऱ्या रात्रीपर्यंत थांबणे आले. म्युनिक, व्हिएन्ना, बुडापेस्टच्या टप्प्यांवर मात्र दिवसभर गाड्या असतात. पास असला की जागा मिळालीच, हा समज चुकीचा आहे: फ्रान्समधल्या टीजीव्हीचे आणि शयनयानांचे आरक्षण वेगळे, पैसेही वेगळे. मग पासचा मोकळेपणा कुठे राहिला, असे कुणी विचारेल. तो दिवसाच्या गाड्यांत आहे, आणि तिथे तो खरोखर मोलाचा आहे. १ जानेवारी २०२५ पासून रोमानिया, बल्गेरियाच्या जमिनीवरील सीमाही शेंगेनमध्ये आल्याने सोफियापर्यंत एकच व्हिसा पुरतो. तुर्कस्तानचा वेगळा काढा. परतीचा प्रवास युरोपातूनच असेल तर शेंगेन व्हिसा एकाहून अधिक प्रवेशांचा हवा.