हेपॅटायटिस सी : ताट वेगळं नको, दुसरी तपासणी हवी



गेल्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर सिकलसेलची माहिती द्यायला आम्ही एका वस्तीत गेलो होतो. एका घरात तरुण मुलाचं ताट आणि पेला वेगळ्या फळीवर ठेवलेले दिसले. सिकलसेलमुळे त्याला लहानपणापासून बरेचदा रक्त द्यावं लागलं होतं. तपासणीत ‘हेपॅटायटिस सी पॉझिटिव्ह’ निघालं आणि घाबरलेल्या आईनं भांडी वेगळी केली. भांडी वेगळी ठेवणं म्हणजे काय, हे आपल्या आजा-आजींना विचारा. आम्ही आधी त्याच्या ताटात त्याच्यासोबत जेवलो, मग बोलायला बसलो.

हा विषाणू मुख्यतः रक्तातून रक्तात जातो. सोबत जेवल्यानं, एका पेल्यातून पाणी प्यायल्यानं, जवळ बसल्यानं लागत नाही. तो लागतो वापरलेल्या सुईतून, नीट न तपासलेल्या रक्तातून, न्हाव्याच्या जुन्या ब्लेडमधून. बाळंतपणात आईकडून बाळालाही कधीकधी जातो. १४ एप्रिलला पोरं हौसेनं हातावर ‘जयभीम’ गोंदवून घेतात. जरूर गोंदवा, पण सुई आणि शाईची वाटी तुमच्यासमोर नवी काढायला लावा. आणि कापूस वेचून थकलो म्हणून ‘ताकदीची सलाईन’ मागायची सवय आता सोडा. इजिप्तमध्ये पूर्वी सरकारी उपचार मोहिमेतच काचेच्या सिरिंज पुन्हापुन्हा वापरल्या गेल्या आणि लाखो लोकांना हा आजार लागला. आम्हीही नोकरीच्या सुरुवातीला घाईघाईत उकळलेल्या सिरिंज पाहिल्या आहेत.

विदर्भात सिकलसेल आदिवासी आणि आपल्या बौद्ध समाजात जास्त आहे, म्हणून एक गोष्ट नीट समजून घ्या. सिकलसेलमध्ये रक्तपेशी लवकर फुटतात, त्यामुळे डोळे तसेही पिवळे दिसतात. घरचे म्हणतात, ‘याचं नेहमीचंच आहे.’ त्याआड हेपॅटायटिस लपून राहतो. वर्षानुवर्षं काही त्रास होत नाही आणि आत लिव्हर आकसत जातं. ज्यांना बरेचदा रक्त चढलंय, त्यांनी लक्षणांची वाट न पाहता तपासणी करून घ्यावी.

पहिली तपासणी अँटिबॉडीची. ती पॉझिटिव्ह आली म्हणजे विषाणू कधीतरी शरीरात येऊन गेला, एवढंच कळतं. काहींचं शरीर त्याला आपोआप हाकलून लावतं. म्हणून दुसरी, आरएनए तपासणी लागते. विषाणू आज रक्तात आहे की नाही, हे तीच सांगते. त्या मुलाची ही तपासणी झालीच नव्हती.

आम्ही नर्सिंग शिकलो तेव्हा या आजारावर महिनोन्‌महिने इंजेक्शनं घ्यावी लागत आणि तरी खात्री नसे. आता गोळ्या आहेत. २०१३ साली अमेरिकेत सोफोसबुविर या गोळीच्या १२ आठवड्यांच्या कोर्सची किंमत ८४ हजार डॉलर होती. पुढे भारतात तीच गोळी जेनेरिक स्वरूपात बनू लागली आणि गरिबाच्या आवाक्यात आली. पण गोळी असून चालत नाही, ती देणारा माणूस जवळ हवा. पंजाबनं २०१६ मध्ये ते करून दाखवलं. चंडीगडच्या पीजीआयमधल्या तज्ज्ञांनी जिल्हा रुग्णालयांतल्या डॉक्टरांना शिकवलं, सोबत रुग्णांच्या नोंदी ठेवून अभ्यासही केला. ४८ हजार रुग्णांचा तो अभ्यास. उपचारानंतर ज्यांची तपासणी झाली, त्यांतले दहापैकी नऊ बरे झाले, तेही आपल्याच जिल्ह्यात राहून.

२८ जुलै २०१८ पासून राष्ट्रीय कार्यक्रमात ही तपासणी आणि औषधं सरकारी केंद्रांत मोफत आहेत. यवतमाळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात जाऊन ‘व्हायरल हेपॅटायटिस कार्यक्रम’ असं नाव घेऊन विचारा. नुसतं ‘कावीळ’ म्हणाल तर भलत्याच रांगेत उभे राहाल. सिकलसेलचं कार्ड आणि जुने रिपोर्ट सोबत न्या. टीबीच्या किंवा फिटच्या गोळ्या चालू असतील तर आधी सांगा. या आजारावर लस नाही. हेपॅटायटिस बी वर आहे, ती बाळाला जन्मल्यापासून २४ तासांत मिळायला हवी.

त्या मुलाच्या रक्तात विषाणू सापडला. गोळ्या १२ आठवडे, म्हणजे जवळपास वर्षावासाइतक्या. विहारात रोज ग्रंथवाचन व्हायचं, तिथून परत आल्यावर तो गोळी घ्यायचा आणि आई कॅलेंडरवर खूण करायची. गोळ्या संपल्यावर आणखी तीन महिन्यांनी आरएनए तपासणी झाली. विषाणू नव्हता. अँटिबॉडीची तपासणी मात्र पुढेही पॉझिटिव्हच येणार, म्हणून तो आरएनए रिपोर्ट प्लास्टिकच्या पिशवीत, सिकलसेलच्या कार्डासोबत ठेवायला आम्ही सांगितलं आहे.