आडवा पडलेला ऐन

निसर्ग वादळाने 3 जून 2020 ला आमच्या पवन मावळात काय काय उपटलं ते सगळ्यांना ठाऊक आहे. माझ्यापुरतं सांगायचं तर एक ऐन उपटला. मुळं वनखात्याच्या हद्दीच्या बुरुजापलीकडं आणि शेंडा माझ्या भातखाचरात. रोपं टाकायची घाई आणि खाचरात हा बाबा आडवा.

मी चोरून काहीही केलं नाही, हे आधी लिहून ठेवतो, कारण गावात अजून दोन-चार जण हसतात. बीटच्या गार्डला जाऊन रीतसर सांगितलं. तो येऊन बघून गेला. ओसरीवर बसून म्हणाला, "काका, जळणालाच ना? न्या की. पडल्या झाडाला कोण विचारतंय!" चहा दोनदा झाला. दुसऱ्यांदा त्यानं आलं घालून मागितला, म्हणून पक्कं लक्षात आहे.

चार दिवस करवत चालवली. मग मेव्हण्याचा टेम्पो आणला. वाडीवरून खालच्या घरी न्यायचं, जेमतेम तीन किलोमीटर. दुसऱ्या वळणाला जीप आडवी लागली. पुढं साहेब, मागं तोच गार्ड. त्याला बघून मला हायसं वाटलं! ते आठवलं की अजून तोंड कडू होतं. मी म्हटलं, "साहेब, यांना विचारा की." साहेबांनी मान वळवली. गार्ड टेम्पोच्या टायरकडं बघत म्हणाला, "मी कशाला सांगीन साहेब? मी तर यांना ओळखतपण नाही." आणि त्यानंच पीओआर, म्हणजे वनगुन्ह्याचा प्राथमिक अहवाल, फाडला. नाव लिहिताना मात्र मला विचारलं नाही. वडिलांच्या नावासकट त्याला पाठ होतं.

पुढची चूक माझी. जबाबावर न वाचता सही केली. पावसात उभा होतो, चष्मा भिजलेला. घरी पोरीनं जबाबाचा फोटो मोठा करून वाचला, तर त्यात "तोडलेले" होतं, "पडलेले" नव्हतं. एका शब्दाचा फरक, पण दोन्ही टोकांना निराळी माणसं उभी असतात. जबाब वाचल्याशिवाय सही नाही. पाऊस असो, अंधार असो, साहेब चिडलेला असो.

नंतर कायदा वाचायची वेळ आली, तेव्हा कळलं की आपल्याला काहीच ठाऊक नव्हतं. भारतीय वन अधिनियम 1927, कलम 69: माल सरकारचा की नाही असा वाद आला, की तो सरकारचाच धरला जातो. नाही म्हणायचं तर तुम्ही सिद्ध करा. म्हणजे चहाचे कप पुरावा नाहीत. कलम 52 खाली माल जप्त होतो, आणि मालाबरोबर गाडीही.

झाड मालकीत असलं म्हणूनही सुटका नाही. 1964 च्या वृक्षतोड कायद्याच्या अनुसूचीत 16 जाती आहेत. साग, खैर, चंदन असणारच, पण आंबा, फणस, चिंच, जांभूळ, हिरडा, किंजळ आणि आमचा ऐनसुद्धा. स्वतःच्या बांधावरचा असला तरी तोडायला परवानगी लागते, वाहायला वाहतूक परवाना. लोणावळ्यात नगरपरिषदेच्या हद्दीत असाल तर 1975 चा शहरी झाडांचा कायदा, म्हणजे दार निराळं. आधी कुठलं दार ते विचारा, नाहीतर दोन्हीकडून परत पाठवतात.

परवानगीचा अर्ज दोन प्रतींत करा. सातबारा जोडा. आपल्या प्रतीवर आवक क्रमांक, शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय टेबल सोडू नका. "ठेवून जा, बघतो" म्हणाले तर तिथंच बसून राहा. झाड बुरुजाजवळचं असेल तर करवत लावायच्या आधी बुरूज, बुंधा आणि शेंडा एकाच चौकटीत येतील असा फोटो काढा, सोबत पोलीस पाटलाला उभं करा. हद्दीचा वाद वाटला तर मोजणी आधी, जळण नंतर. बाकी, शांत राहावं, उद्धट बोलू नये वगैरे. मी बोललो होतो.

ठाकरवाडीची एक म्हातारी आमच्या घरावरून मोळी घेऊन जाते. तिनं सगळं ऐकून चुंबळ नीट केली आणि म्हणाली, "दादा, डोक्यावर हाय तवर जळाण. चाकावर चढलं की माल." कायद्यात असं वाक्य नाही, पण वाटेवर चालतं तेच. तिची मोळी तरी कुठं पक्की आहे? 2006 च्या वनहक्क कायद्यात गौण वनोपजात झुडपी लाकूड, खुंट आहेत, पण ग्रामसभेनं दावा करून हक्क पदरात पाडून घ्यावा लागतो. गडचिरोलीत मेंढा-लेखानं तो घेतला, आणि 2011 ला बांबूच्या वाहतूक परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हातात आलं. आमच्या ग्रामसभेला कोरम भरत नाही. आणि दावा मंजूर झाला असता तरी माझा ऐनाचा बुंधा त्यात बसला नसता, तो इमारती लाकडातच गेला असता. हे मलाही उशिरा कळलं.

शनिवारी रात्री आमच्या मावळातल्या धरणाच्या काठानं जाऊन बघा. पर्यटकांच्या तंबूगणिक शेकोटी. एका रात्रीत तिथं जेवढं जळतं तेवढ्यात माझ्या चुलीचा पावसाळा निघेल. ते कुठून येतं हे विचारणारी जीप मला अजून आडवी लागलेली नाही.

शेवटी कलम 68 खाली पैसे भरून मिटवलं. वकील म्हणाला लढू, मेव्हणा म्हणाला आधी माझी गाडी. चार महिने टेम्पो कचेरीच्या आवारात उभा होता. सोडवायला गेलो तेव्हा मागच्या चाकातून वेल वर आला होता आणि बॅटरी मेलेली. शेजारी माझा ऐन रचून ठेवलेला, वाळवीनं भरलेला. ना त्यांनी जाळला, ना मला जाळू दिला.

टेम्पो आता चालतो, पण सकाळी धक्का मारावा लागतो. मेव्हणा स्टेअरिंगवर बसतो, माझ्याशी न बोलता. धक्का मी मारतो.