कोडिंग कच्चं, तरी हॅकेथॉन?

प्रश्न : मी सिव्हिलच्या दुसऱ्या वर्षाला आहे. कोडिंग जेमतेम येतं. स्मार्ट इंडिया हॅकेथॉनमध्ये उतरू का?

उत्तर : जरूर उतरा. २०१७ पासूनच्या या स्पर्धेत प्रश्न येतात ते मंत्रालयं, सरकारी खाती, उद्योग यांच्याकडून. पाणीपुरवठ्याच्या प्रश्नाला जलवाहिनीतला दाब कळणारा माणूस प्रोग्रामरइतकाच लागतो. संघ सहा जणांचा (त्यात किमान एक मुलगी हवीच) असतो, तो काही सहाही जणांनी कोड लिहावा म्हणून नव्हे. सॉफ्टवेअरची अंतिम फेरी सलग ३६ तासांची, तेव्हा नवखा अडगळ ठरेल, ही शंका रास्त आहे. पण अंतिम फेरीआधी कल्पनेची निवड होते, आणि प्रश्न न उमगता रचलेली कल्पना उत्तम कोडनेही सावरत नाही. तेव्हा संघ जमला की आधी पाणीपुरवठा विभागातल्या एखाद्या कनिष्ठ अभियंत्याला गाठा. लॅपटॉप नंतर उघडा.