घोटा कच्चा नव्हता

‘ताई, तुमचा घोटाच कच्चा आहे. तुम्ही असले ट्रेक करत जाऊ नका,’ असं मला राजगडाच्या पायथ्याशी, गुंजवण्यात, बसच्या दारात, सगळ्यांसमोर ऐकवण्यात आलं. ऐकवणारा माझ्यापेक्षा वयाने बराच लहान, गळ्यात शिट्टी, हातात यादी. दुसऱ्या दिवशी ग्रुपवर सगळ्यांसाठी म्हणून सूचना आली की आपली शारीरिक क्षमता बघूनच नाव नोंदवावं, एकामुळे इतरांचा खोळंबा होतो. नाव कुणाचंच नव्हतं, पण त्या बसमधल्या प्रत्येकाला ते कुणासाठी आहे हे कळलं. मी तेव्हा उत्तर दिलं नाही. आज देते आहे. ज्यांचा पाय पुन्हा पुन्हा त्याच जागी मुरगळतो आणि ज्यांना ‘तुमची ठेवणच तशी’ म्हणून घरी बसवलं जातं, त्यांच्या ते कामाचं आहे.

नावनोंदणीच्या अर्जात ‘पूर्वीच्या दुखापती’ असा रकाना होता. त्यात मी स्वच्छ लिहिलं होतं: उजवा घोटा पूर्वी मुरगळलेला आहे, उतारावर सावकाश चालावं लागतं. पैसे घेतले गेले, रकाना कुणी वाचला नाही. राजगड चढायचा चोर दरवाज्याने आणि उतरायचा पाली दरवाज्याने, असं ठरलं होतं. पालीकडची वाट रुंद, पायऱ्यांची, म्हणून तर मी आले होते. पद्मावती माचीवर पिठलं-भाकरी झाल्यावर लीडरने जाहीर केलं की बसला पालीपर्यंत वळसा पडेल, तेव्हा आल्या वाटेनेच उतरू. मला पालीची वाटच हवी आहे, हे मी त्याला दोघांदेखत सांगितलं. ‘काही होत नाही ताई, रेलिंग आहे.’ रेलिंग वरच्या टप्प्याला आहे. पाय जातो तो त्याच्या खाली, जिथे हाताला धरायला काही उरत नाही आणि पायाखाली बारीक मुरमाचा घसारा लागतो.

तिथेच तो का जातो, हे मला पुढे समजलं आणि प्रत्येक लीडरला ते माहीत असायला हवं. घोट्याच्या सांध्यात टॅलस नावाचं हाड असतं. ते पुढून रुंद, मागून अरुंद. चढताना पाऊल वर ओढलेलं असतं, रुंद भाग आतल्या आणि बाहेरच्या घोट्यांमधल्या खोबणीत घट्ट बसतो आणि सांधा पक्का राहतो. उतरताना पंजा खाली झुकतो, अरुंद भाग खोबणीत येतो आणि सांधा सैल पडतो. नेमका त्याच वेळी तळव्याखालचा खडा सरकला की पाऊल आत वळतं आणि सगळा भार बाहेरच्या घोट्याच्या पुढे असलेल्या लिगामेंटवर येतो. बहुतेकदा पहिलं दुखावतं ते तेच. म्हणजे ‘कोणत्या वाटेने उतरायचं’ हा माझ्यासाठी आवडीनिवडीचा प्रश्न नव्हता.

पाय वळला तेव्हा मी खाली बसले आणि बूट तसाच राहू दे म्हणाले. लीडर वरून धावत आला, बुटाची नाडी सोडली, बूट खेचून काढला आणि ‘बसवतो’ म्हणत पाऊल दोन्ही हातांत धरून गोल फिरवलं. आधी एका बाजूने, मग दुसऱ्या. मी ओरडले तर म्हणाला, ‘बघा, हलतंय ना, म्हणजे मोडलेलं नाही.’ तेवढ्यात बाहेरच्या घोट्याखाली लिंबाएवढी सूज आली आणि बूट परत चढेना. बाकीचा डोंगर मी सॅकमधल्या फ्लोटर्स घालून, घोट्याला ओढणी आवळून उतरले. लीडर ‘पुढची मंडळी थांबली आहेत’ म्हणून निघून गेला. माझ्याबरोबर थांबली ती ग्रुपमधली कॉलेजची दोन पोरं, आणि वाटेत ताक विकायला बसलेल्या एका मावशींनी स्वतःची काठी मला दिली. ‘घेऊन जा, खाली कुणाकडं बी ठेव.’ त्या दिवसात माझ्याशी नीट वागलेली माणसं एवढीच.

म्हणून पहिली गोष्ट लिहून ठेवा. डोंगरात पाय मुरगळला आणि चालत उतरण्यावाचून इलाज नसला, तर बूट काढू नका. बूट सूज दाबून धरतो आणि घोट्याला आधार देतो. एकदा काढला की पुन्हा चढत नाही. नाडी थोडी सैल करून पुन्हा बांधा. मोठा रुमाल किंवा क्रेप बँडेज बुटावरूनच आठच्या आकड्यात गुंडाळा: टाचेखालून, घोट्यावरून, पुढे फुली मारून. बोटं बधिर किंवा गार पडू लागली, तर मात्र बांधलेलं ताबडतोब सैल करा, आणि गरज पडली तर बूटही काढा. आणि कुणालाही घोटा ‘बसवू’ देऊ नका. मुरगळलेल्या पायात बसवण्यासारखं काही सुटलेलं नसतं. लिगामेंट ताणलेलं किंवा फाटलेलं असतं, त्याला पिळलं की ते आणखी फाटतं. हे लीडरला लागू आणि गावच्या हाडवैद्यालाही. आंबेहळद-रक्तबोळाचा लेप खुशाल लावा. ओढाताण नको.

हाड मोडलं आहे का, हे पाऊल हलवून कळत नाही. त्यासाठी ओटावा नियम आहेत, कॅनडातल्या डॉक्टरांनी १९९२ साली मांडलेले, आणि ते लक्षात ठेवायला सोपे आहेत. आतल्या किंवा बाहेरच्या घोट्याच्या टोकाला, किंवा त्याच्या मागच्या कडेने वर ६ सेंटिमीटरपर्यंत, हाडावर दाबल्यावर दुखलं. पावलाच्या बाहेरच्या कडेला, करंगळीच्या रेषेत मधोमध जो उंचवटा लागतो तिथे दुखलं, किंवा आतल्या बाजूला कमानीच्या वरच्या हाडावर दुखलं. किंवा लंगडतसुद्धा चार पावलं टाकता आली नाहीत, तर एक्स-रे हवाच. आधाराशिवाय मला चार पावलं टाकता येत नव्हती. तरी मला तासन् तास उतरवलं गेलं. एक्स-रेत हाड शाबूत निघालं हे माझं नशीब, लीडरचं ज्ञान नव्हे.

डॉक्टरांबद्दलही माझी तक्रार आहे. फ्रॅक्चर नाही म्हटल्यावर त्यांचं लक्षच उडालं. क्रेप बँडेज, गोळ्या, आराम, ‘दुखायचं थांबलं की चाला.’ दुखायचं थांबलं आणि मी चालू लागले. मग घराच्या जिन्यात पाय गेला. मंडईत, सपाट फरशीवर गेला. घरचेही म्हणू लागले की हिचा पायच नाजूक. मला स्वतःलाही ते पटायला लागलं होतं, आणि ही मला सगळ्यात जास्त खटकलेली गोष्ट आहे.

ते ओझं उतरलं एका फिजिओथेरपिस्टच्या खोलीत. तिने मला भिंतीपासून दूर उभं केलं आणि डाव्या पायावर उभं राहायला सांगितलं. राहिले. डोळे मिटायला सांगितलं. थोडी डुलले, पण उभी होते. मग उजवा पाय. डोळे उघडे असताना घोटा आतल्या आत सारखा थरथरत होता, पायाची बोटं जमीन धरू बघत होती. डोळे मिटले आणि क्षणात तोल गेला; तिने दंडाला धरलं. पुन्हा केलं, पुन्हा तेच. ती म्हणाली, ‘तुमचा घोटा कमजोर नाहीये, काकू. मुरगळल्यावर त्याला पुन्हा शिकवायचं असतं, ते तुम्हाला कुणी सांगितलंच नाही.’ मी खुर्चीत बसले आणि मला रडू आलं. एवढी वर्षं जो माझा दोष म्हणून ऐकत आले, तो अर्धवट सोडलेला उपचार होता.

ती म्हणाली ते असं. लिगामेंट म्हणजे नुसती दोरी नाही. पाऊल कुठे आणि किती कललं आहे याची खबर देणाऱ्या मज्जातंतूंची टोकं त्यात असतात. लिगामेंट फाटलं की ती खबर उशिरा जाते, आणि पोटरीच्या बाहेरच्या बाजूचे पेरोनियल स्नायू पाऊल सावरायला उशिरा धावतात. सूज उतरते, दुखणं जातं, पण ही खबर आपोआप दुरुस्त होतेच असं नाही. ब्रिटनमध्ये मायकेल फ्रीमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डुलत्या फळीवरच्या व्यायामाने घोटा ‘सुटण्याची’ तक्रार कमी होते, हे १९६५ साली मांडलं होतं. म्हणजे माझा पाय पहिल्यांदा मुरगळला त्याच्या कितीतरी आधी हे ज्ञान जगात होतं. माझ्यापर्यंत ते कुणी आणलं नाही.

आता व्यायाम. दुखणं ताजं असताना हे सुरू करू नका. फिजिओला एकदा दाखवा, मग करा. एका पायावर उभं राहणं हा सगळ्यात महत्त्वाचा. दात घासताना करा, म्हणजे चुकत नाही. ३० सेकंद स्थिर जमलं की डोळे मिटून, तेही जमलं की घडी घातलेल्या सतरंजीवर किंवा उशीवर. पडण्याची भीती असेल तर ओट्याजवळ उभं राहा. दुसरा रबरी पट्ट्याचा. पट्ट्याचं एक टोक पलंगाच्या पायाला, दुसरं पावलाच्या पुढच्या भागाला अडकवा आणि गुडघा न हलवता पाऊल बाहेरच्या दिशेने ओढा. येताना सावकाश परत या; खरं काम त्या परतीच्या प्रवासात होतं. कंटाळवाणा आहे, पण पेरोनियल स्नायू असेच तयार होतात. तिसरा पायरीच्या कडेवर चवडे टेकवून टाचा उचलणं, आणि तीन आकडे मोजत खाली सोडणं. आधी दोन्ही पायांवर, मग एका. १५ चे तीन फेरे नीट जमेपर्यंत घसाऱ्याच्या वाटेचं नाव काढू नका.

घोटा किती वाकतो हेही बघा. भिंतीसमोर एक पाय पुढे ठेवा, टाच जमिनीवरून न उचलता गुडघा भिंतीला टेकवा, आणि पाऊल मागे मागे न्या. अंगठा भिंतीपासून साधारण १० सेंटिमीटरवर असतानाही गुडघा टेकला पाहिजे. माझ्या उजव्या पायाचं अंतर डाव्याच्या निम्म्यावर आलं होतं आणि कुणाच्याही ते लक्षात आलं नव्हतं. रोज उकिडवं बसल्याने मला फरक पडला.

मग बाहेर पडा, पण टप्प्याटप्प्याने. पुण्यात असाल तर पर्वतीच्या १०३ पायऱ्या आधी. चढताना भरभर, उतरताना अगदी सावकाश, कारण सराव उतरण्याचा करायचा आहे. त्यानंतर वेताळ टेकडी, आडवाटेने, खडे असलेल्या पायवाटेवर. सिंहगड आतकरवाडीने चढून खाली जीपने येणारे पुष्कळ आहेत. घोट्याला तयार करायचं असेल तर पायवाटेनेच खाली या, पाठीवर हलकी सॅक घेऊन. राजगड, तोरणा, हरिश्चंद्रगड त्यानंतर.

बुटांबद्दल दुकानदार जे सांगतात त्यावर भिस्त ठेवू नका. मला घोट्याच्या वरपर्यंत येणारे महागडे बूट ‘आता पाय मुरगळणारच नाही’ म्हणून विकले गेले, आणि राजगडावर माझ्या पायात तेच होते. उंच बूट खड्यांपासून आणि काट्यांपासून वाचवतात. तळवा आत वळायचा तो त्यांच्या आतही वळतो. मी आता बघते ते बुटाचा तळ मातीत आणि कातळावर धरतो का, टाच आत हलते का, आणि बूट मधोमध पिळल्यावर सहज पिळला जातो का. सहज पिळला जात असेल तर मी घेत नाही. उतरण्याआधी थांबून नाडी पुन्हा बांधायची, शेवटच्या भोकातून फास काढून, म्हणजे टाच मागे पक्की बसते.

औषधाच्या दुकानात मिळणारा मोज्यासारखा अँकलेट ऊब देतो, आधार फारसा देत नाही. नाडीचा किंवा बाजूला कडक पट्ट्या असलेला ब्रेस वेगळा. एकदा मुरगळलेल्या घोट्याला तो खरंच उपयोगी पडतो. ‘ब्रेसने पाय आळशी होतो’ असं मला त्याच लीडरने सांगितलं होतं. व्यायाम चालू ठेवून अवघड उतारापुरता ब्रेस लावला तर काही आळशी होत नाही. मी तसाच वापरते. ट्रेकिंगची काठी घ्या, दोन असतील तर उत्तम, आणि उतारावर ती चढणीपेक्षा ५ ते १० सेंटिमीटर लांब करा. काठी हातात आहे म्हणून कुणी म्हातारी म्हटलं तर म्हणू दे. पावलं आखूड टाका, गुडघे किंचित वाकवून, आणि घसाऱ्यावर मागच्याच्या घाईने कधीही वेग वाढवू नका. मागचा थांबेल. त्याला थांबायला लावणं हे लीडरचं काम आहे.

त्या ग्रुपच्या पुढच्या नोंदणीला मी गेले नाही. राजगड मात्र पुन्हा केला, दुसऱ्या लोकांबरोबर, आणि चोर दरवाज्यानेच उतरले. त्यांच्या लीडरने निघण्याआधी माझा अर्ज हातात घेऊन विचारलं, ‘काकू, उजव्या पायाचं काय आहे? मी उतारावर तुमच्या पुढे राहते.’ एवढंच लागतं.

महाराष्ट्र शासनाच्या २०२१ च्या साहसी पर्यटन धोरणात आयोजकांना नोंदणी बंधनकारक केली आहे. पैसे भरण्याआधी तो नोंदणी क्रमांक मागा. बरोबर येणाऱ्यांपैकी प्रथमोपचाराचं प्रशिक्षण कुणी घेतलं आहे, उतरायची वाट ऐनवेळी बदलणार का, आणि कुणाचा पाय गेला तर त्याच्याबरोबर कोण थांबणार, हे फोनवर नको, लेखी विचारा. उत्तर आलं नाही, किंवा ‘काही होत नाही ताई’ असं आलं, तर त्यांच्याबरोबर जाऊ नका.