पास वसूल करायचा नाही

चि. अनघास,


ताईचा फोन आला होता. जूनमध्ये तू तिला आणि भाऊजींना आठवडाभर लंडन दाखवणार, आणि भाऊजींनी त्या उघड्या टपाच्या हॉप-ऑन हॉप-ऑफ बसचा तीन दिवसांचा पास आत्ताच हेरून ठेवलाय, असं कळलं. म्हणून हे पत्र. फोनवरच सांगितलं असतं, पण फोनवर भाऊजी मध्ये बोलतात.

पास जरूर घे. मात्र एकाच दिवसाचा घे आणि पोहोचल्यानंतरच्या पहिल्या दिवशी वापर. विमानाचा शीण उतरलेला नसतो, झोपेचं गणित बिघडलेलं असतं, ताईचे गुडघे तर तुला ठाऊकच आहेत. अशा दिवशी रांगा लावून काही बघण्यात अर्थ नसतो. त्यापेक्षा वरच्या मजल्यावर बसा आणि पूर्ण फेरी होईपर्यंत खाली उतरूच नका. दोन-अडीच तास लागतील. हाइड पार्क कॉर्नर, पिकॅडिली, ट्रॅफल्गार स्क्वेअर, सेंट पॉल्सचा घुमट, टॉवर ऑफ लंडन, थेम्सवरचे पूल, वेस्टमिन्स्टर. कंपनीगणिक क्रम मागेपुढे होतो, पण शहराचा नकाशा डोक्यात बसतो. कुठलं ठिकाण कशाच्या शेजारी आहे आणि कशासाठी पुन्हा यायचं, हे त्या एका बैठकीत ठरतं. या बसचा खरा उपयोग एवढाच, आणि तो काही थोडा नाही.

निघण्याआधी सगळ्यांनी बाथरूमला जाऊन यायचं, कारण बसमध्ये सोय नसते. ट्रॅफल्गार स्क्वेअरला अडलात तर सरळ नॅशनल गॅलरीत शिरायचं. तिथे तिकीट नाही, स्वच्छतागृह उत्तम आहे, आणि आत गेलाच आहात तर व्हॅन गॉखची सूर्यफुलंही बघून घ्या.

तिकीट घेताना एक नीट विचार: पास त्या तारखेपुरता आहे की पहिल्यांदा चढल्यापासून चोवीस तासांचा? चोवीस तासांचा असेल तर दुपारी एक वाजता चढायचं, म्हणजे दुसऱ्या दिवशीची सकाळही हाताशी राहते. जूनमध्ये तिकडे नऊ वाजून गेले तरी उजेड असतो. त्यामुळे माणूस फसतो. ऊन आहे म्हणजे बस असणार असं वाटतं, पण या फेऱ्या संध्याकाळी लवकर आटोपतात. रात्रीचं शहर दाखवणारी फेरी बहुधा वेगळ्या तिकिटाची असते. काही पासांत थेम्सवरची बोटीची फेरी मात्र आलेली असते. ती सोडू नकोस. ताईला बसपेक्षा बोटच आवडेल.

आता भाऊजींच्या तीन दिवसांच्या पासाकडे येतो. तीन दिवस पाहिजे तिथे चढा, पाहिजे तिथे उतरा, हे कागदावर फार सोयीचं दिसतं. प्रत्यक्षात ही बस गोल फिरते, आणि तेही एकाच दिशेने. सेंट पॉल्स मागे टाकून टॉवरला उतरलात आणि मग सेंट पॉल्स बघावंसं वाटलं, तर तिच्या मर्जीने सगळं शहर फिरून यावं लागतं. त्यात मध्य लंडनची वाहतूक अशी की कधी कधी शेजारून चालणारा माणूस पुढे निघून जातो. रविवारी बकिंगहॅम पॅलेससमोरचा मॉल रस्ता गाड्यांना बंद असतो. पहारा बदलण्याचा सोहळा असेल त्या सकाळी आसपासचे रस्ते अडवतात, आणि बस भलतीकडून वळवतात.

पण मुख्य धोका रस्त्यावरचा नाही, आपल्या डोक्यातला आहे. माणशी इतके पौंड मोजले की आपल्याला ते वसूल करावेसे वाटतात. मग प्रत्येक थांब्यावर उतरायचं, फोटो काढायचा, पुढची बस पकडायची. दीड दिवसात अष्टविनायक उरकणाऱ्या गाडीसारखं होतं ते. देव आठ झाले, पण कुठल्या गावात काय होतं ते आठवत नाही. टॉवर ऑफ लंडन नीट बघायचं तर निदान तीन तास हवेत. कोहिनूरपुढून तर सरकत्या पट्ट्यावरून जावं लागतं. भाऊजी दोन-तीनदा जातील, जाऊ दे त्यांना. तेव्हा ‘आपली बस येईल’ म्हणून मागे कोणी उभं असता कामा नये. उतरायची मुभा घेतली म्हणजे उतरलंच पाहिजे असं नाही, हे त्यांना तूच समजाव. माझं ते ऐकत नाहीत.

दुसऱ्या दिवसापासून शहराच्या साध्या लाल बसने फिर. टॉवरहून १५ नंबर धरलीस की सेंट पॉल्स, फ्लीट स्ट्रीट, स्ट्रँड करत ट्रॅफल्गार स्क्वेअरला येते, आणि जातेही त्याच वाटेने, उलट्या दिशेने. ९ नंबर हॅमरस्मिथहून ऑल्डविचला जाते. वाटेत केन्सिंग्टन, रॉयल अल्बर्ट हॉल, हाइड पार्क कॉर्नर, पिकॅडिली. तिचीही वरची पुढची सीट मिळाली तर पासवाल्या बसहून फार कमी दिसत नाही. कानात माहिती सांगणारं कोणी नसतं एवढंच. ती तू सांग, इतिहासात एम. ए. केलंस ना? भाडं २०२५ मध्ये पावणेदोन पौंड होतं आणि एकदा कार्ड लावलं की तासाभरात कितीही बसा बदला, पुन्हा पैसे कापत नाहीत.

शिवाय आपण मराठी माणसं लंडनला गेल्यावर जिथे जायला हवं, तिथे ही पर्यटकांची बस फिरकतच नाही. प्रिमरोझ हिलजवळ १०, किंग हेन्रीज रोड या घरात बाबासाहेब आंबेडकर १९२१-२२ मध्ये राहत होते. महाराष्ट्र सरकारने ते २०१५ मध्ये विकत घेतलं आणि आता तिथे स्मारक आहे. ट्यूबच्या नॉर्दर्न लाइनवर चॉक फार्मला उतरायचं, पुढे थोडं चालायचं. घर बघून झालं की प्रिमरोझ हिलच्या माथ्यावर ताईला बसव, अख्खं शहर समोर पसरलेलं दिसतं. त्याच दिवशी पुढे ऑल्डविचला येऊन बाबासाहेब शिकले ते लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सही बाहेरून बघता येईल. टिळक चिरोल खटल्यासाठी गेले तेव्हा मेडा व्हेलमध्ये राहिले होते. हाउली प्लेसच्या त्या घरावर तशी पाटी आहे. हायगेटला क्रॉमवेल अव्हेन्यूवर सावरकरांच्या वेळचं इंडिया हाउस. ही दोन्ही बाहेरूनच बघायची. सगळं एका दिवसात कोंबू नकोस, नाहीतर वसुलीचा रोग तुलाही लागला असं मी समजेन.

आता कामाचं. लंडनच्या बसमध्ये रोख पैसे २०१४ पासून घेत नाहीत. बँकेचं स्पर्शाने चालणारं कार्ड नाहीतर ऑयस्टर कार्ड लागतं, आणि दर माणशी वेगळं. एका कार्डावर तिघं चढता येत नाही. ताईच्या कार्डावर परदेशी वापर अजून सुरू केलेला नाही, हे मी तिला विचारून घेतलंय. या शनिवारी तिला बँकेत घेऊन जा.

तुझा,
मामा