शांतकाळीचा आचार

सर्वज्ञ श्रीचक्रधरस्वामींनी तेराव्या शतकात परमार्गाचे द्वार सर्व वर्णांना व स्त्रियांनाही खुले केले. भिन्न कुळांतून आलेले जीव एकत्र नांदू लागले, ते केवळ श्रवणाने नव्हे, तर नित्याच्या आचाराने. अहिंसेचे निरूपण ऐकूनही जो ती दररोज पाळत नाही, त्याला प्रसंगकाळी ती साधत नाही. हा नियम जसा साधकाला, तसाच गावालाही लागू पडतो.

दृष्टांत ठाणे जिल्ह्यातील भिवंडीचा. हे यंत्रमागांचे नगर. उत्तर प्रदेशातून आलेले मोमीन विणकर, तेलंगणातून आलेले पद्मशाली, स्थानिक आगरी व कोकणी मुसलमान असे नाना लोक तेथे वसले. माग एकाचा, सूत दुसऱ्याचे, मजुरी तिसऱ्याची. परस्परांवाचून कोणाचा चरितार्थ चालत नव्हता. तरीही मे १९७० व मे १९८४ मध्ये तेथे भीषण दंगली झाल्या. तात्पर्य, देवघेव म्हणजे सौहार्द नव्हे. व्यवहारात माल ओळखला जातो, माणूस ओळखला जातोच असे नाही.

पुढे १९८८ च्या सुमारास पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांच्या पुढाकाराने तेथे मोहल्ला समित्या स्थापन झाल्या. त्यांत दोन्ही धर्मांचे सामान्य रहिवासी एकत्र बसत. पूर्वीच्या शांतता समित्या आग लागल्यावर बोलावल्या जात. या समित्या तणाव नसतानाही भरत आणि गल्लीतील लहानसहान तंटे तेथेच मिटवीत. डिसेंबर १९९२ व जानेवारी १९९३ मध्ये मुंबई पेटली असता शेजारची भिवंडी शांत राहिली.

येथे शंका अशी की, हे पोलिसांच्या धाकाने घडले असेल. समाधान असे की, धाक १९८४ मध्येही होता. नव्हती ती ओळख. अफवा आली असता जिच्याविषयी ती आली त्या व्यक्तीलाच विचारता येणे, हे ओळखीचे फळ होय.

दार्ष्टांतिक असे : स्नेह शांतकाळी जोडावा लागतो, आणि तो एकदा जोडून भागत नाही. भिक्षू दारोदार जातो, त्यामुळे गावाची सुखदुःखे त्याला ठाऊक असतात. वासनिकानेही आपल्या गल्लीतील अन्यधर्मीय शेजाऱ्याच्या घरचे आजारपण, लग्न, मृत्यू यांची वेळीच विचारपूस करावी. संकटाच्या रात्री ज्याचे दार ठोठवायचे, त्याचे नाव आधी ठाऊक असले पाहिजे.