माथेरानच्या घाटातील वाफेचे इंजिन
(इयत्ता ६ वी व ७ वी : सामान्य विज्ञान व परिसर-अभ्यास)

कोळवण खोऱ्यातील शाळांत वाफेच्या इंजिनाचा पाठ बहुधा चित्रावरूनच शिकविला जातो. आसपास रेल्वेचा रूळ नाही आणि असता तरी त्यावर वाफेचे इंजिन आता दिसले नसते. यास्तव बॉयलर, सिलिंडर, दट्ट्या ही नावे पाठ होतात. परंतु ते यंत्र कोणत्या अडचणीतून घडले हे मुलांना उमगत नाही. नेरळ-माथेरान मार्गावरील इंजिनाचे उदाहरण घेतल्यास हा पाठ सजीव होतो. घाट म्हणजे काय, हे या मुलांना सांगावे लागत नाही.

हा मार्ग सर आदमजी पीरभॉय यांच्या भांडवलावर त्यांचे पुत्र अब्दुल हुसेन यांनी १९०४ ते १९०७ या काळात बांधला. रुळांमधील अंतर अवघे दोन फूट. सुमारे २१ किलोमीटरच्या वाटेत गाडी समुद्रसपाटीपासून सुमारे ४० मीटरवरून ८०० मीटरपर्यंत चढते. सरासरी किती मीटरला एक मीटर चढ पडतो, हे उदाहरण मुलांकडून सोडवून घ्यावे. उत्तर २८ च्या आसपास येईल. काही ठिकाणी तर २० मीटरला एक मीटर असा चढ आहे. रुळावर लोखंडी चाक धरून राहते ते वजनाच्या दाबाने. म्हणून या इंजिनाची सहाही चाके दांड्यांनी जोडून चालती केली होती व पाण्याच्या टाक्याही इंजिनावरच होत्या, म्हणजे सर्व भार ओढणाऱ्या चाकांवरच पडे. वाटेतील एका स्थानकाचे नावच ‘वॉटर पाईप’ आहे. तेथे इंजिन पाणी घेई.

खरी अडचण वळणांची होती, आणि पाठातील अधिक वेळ येथेच द्यावा. बैलगाडीला आस एकच. बैल वळले की गाडी वळते. परंतु तीन आस एकाच चौकटीत समांतर घट्ट बसविले तर तीव्र वळणावर चाकांच्या कडा रुळात अडकणार. पाटीखाली तीन पेन्सिली समांतर बांधून ती पाटी जमिनीवर आखलेल्या वक्र रेषांवर ठेवावी, म्हणजे हे डोळ्यांना दिसेल. जर्मनीतील ऑरेनस्टाइन आणि कोपेल या कारखान्याने बांधलेल्या माथेरानच्या चार इंजिनांत यावर क्लीन-लिंडनर पद्धतीचा पोकळ आस योजला होता. आतील आस चौकटीत पक्का; त्यावर नळीसारखा दुसरा आस, आणि चाके या बाहेरच्या नळीवर. दोहोंच्या मधोमध गोळ्यासारखा सांधा असल्याने आतला आस बाहेरच्याला फिरवितो, पण बाहेरचा आस वळणाप्रमाणे थोडा तिरपाही होऊ शकतो.

हे समजाविण्यास पोकळ बांबूचा वीतभर तुकडा पुरे. त्यातून जाणाऱ्या काठीच्या मध्यावर चिंधी घट्ट गुंडाळावी व काठी बांबूत सारावी. काठी स्थिर धरली तरी बांबूची टोके इकडेतिकडे झुकतात. फळ्यावरील दहा आकृत्यांपेक्षा हा बांबू अधिक सांगतो.

पुढे १९५५-५६ च्या सुमारास या मार्गावर डिझेल इंजिने आली, तरी वाफेची इंजिने १९८२ पर्यंत राबली. त्या चौघांपैकी एक नेरळला व एक माथेरानला उभे करून ठेवले आहे. ७४१ क्रमांकाचे दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात गेले, तर ७४० क्रमांकाचे इंग्लंडात लेटन बझर्ड येथील तितक्याच रुंदीच्या रेल्वेकडे पोहोचले.

इंजिन जतन केले म्हणजे नेमके काय जतन केले, हा प्रश्न वरच्या वर्गात अवश्य विचारावा. रंग दिला की इंजिन नवे दिसते. गंज मात्र आतून चढतो. बॉयलरच्या नळ्यांत व टाक्यांच्या तळाशी ओल राहिली की पत्रा झिजतो, आणि घाटाचा पाऊस तर मुलांच्या परिचयाचाच आहे. अशा बॉयलरमध्ये पुन्हा वाफ धरावयाची तर आधी पाण्याच्या दाबाने त्याची कसून परीक्षा घ्यावी लागते. आणि तो पोकळ आस, ज्यामुळे हे इंजिन माथेरानास चढू शकले, तो पाहणाऱ्यास बाहेरून दिसतच नाही. १९८२ साली पंचविशीत असलेला फायरमन आज सत्तरीच्या घरात आहे. चढावर कोळसा केव्हा टाकावा, उतारावर ब्रेक कसा राखावा, ही त्याची माहिती चौथऱ्यावरील इंजिनाजवळ कोठेही मिळणार नाही.

सहल नेणे शक्य असल्यास ती पावसाळा संपल्यावर न्यावी. पावसाळ्यात नेरळ ते अमन लॉज हा टप्पा बंद असतो. मुलांनी इंजिनाचा क्रमांक व चाकांची संख्या टिपावी, दांडे कोठे जोडले आहेत ते रेखाटावे. सहल न झाल्यास गावातच काम आहे. कोळवण परिसरात पाणी उपसण्याचे जुने तेल-इंजिन, उसाचा चरक, पिठाच्या गिरणीचा जुना पट्टा, असे काही कोणाच्या गोठ्यात वा वळचणीला पडलेले असू शकते. दोघादोघांच्या तुकडीने जाऊन ते चालविणाऱ्या आजोबांना विचारावे : हे सुरू कसे करीत, बिघाड कोठे होई, आवाजावरून काय कळे? उत्तरे आजोबांच्याच शब्दांत वहीत उतरावीत. भंगारवाला येऊन गेल्यावर ही वही लिहिणे कठीण जाते. म्हणून हे काम दिवाळीच्या सुट्टीपूर्वी हाती घ्यावे.